नागरिकत्व अर्जातील स्वयंरोजगार व विनावेतन कामाची नोंद

नागरिकत्व अर्जातील स्वयंरोजगार व विनावेतन कामाची नोंद म्हणजे एखाद्या देशाचे नागरिकत्व मिळवण्यासाठी केलेल्या अर्जात, ज्या कामासाठी नियोक्ता, वेतनपत्रक किंवा ठरलेला पगार नसतो अशा कामाची दिलेली माहिती होय. स्वतःची शेती, दुग्धव्यवसाय, दुकान, शिलाई, शिकवणी, घरच्या शेतावर किंवा दुकानात केलेली बिनपगारी मदत, घरकाम, मुलांचे व वृद्धांचे संगोपन आणि स्वयंसेवी सामाजिक कार्य यांचा त्यात समावेश होतो. कॅनडा, अमेरिका आणि ब्रिटन या देशांच्या अर्जांत अर्जदाराच्या कामधंद्याची माहिती विचारली जाते. भारतात कामापेक्षा वास्तव्याचा कालावधी आणि वर्तन यांना अधिक महत्त्व आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातून परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा ठरतो. बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक यांसारख्या नीरा खोऱ्यातील गावांत ऊस, दूध आणि घरची शेती हाच बहुसंख्य कुटुंबांचा आधार असतो. अशा घरात वाढलेल्या व्यक्तीने अनेक वर्षे काम केलेले असले तरी त्या कामाचे नियुक्तिपत्र किंवा अनुभवाचा दाखला तिच्याकडे नसतो. त्यामुळे अर्जातील रकाना रिकामा सोडला जातो किंवा त्यात नसलेली नोकरी दाखवली जाते. या दोन्ही गोष्टी अर्जदाराला अडचणीच्या ठरू शकतात.

संज्ञा व वर्गीकरण

स्वयंरोजगारात व्यक्ती स्वतःच्या जोखमीवर काम करते आणि नफा-तोटा तिचा स्वतःचा असतो. भारत सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात (२०१७–१८ पासून) स्वयंरोजगाराचे तीन प्रकार केले आहेत: स्वतःच्या हिमतीवर व्यवसाय करणारे, मजूर लावून व्यवसाय करणारे आणि घरच्या उद्योगात विनावेतन मदत करणारे. तिसऱ्या प्रकारातील व्यक्तीला पगार मिळत नसला तरी ती रोजगारात असल्याचे मानले जाते. केवळ घरकाम करणाऱ्या व्यक्तीला मात्र श्रमबलाबाहेर धरले जाते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आश्रयाखाली २०१३ मध्ये भरलेल्या श्रम सांख्यिकीतज्ज्ञांच्या १९व्या परिषदेने 'काम' आणि 'रोजगार' यांत भेद केला. या व्याख्येनुसार घरच्या वापरासाठी केलेले उत्पादन, घरातील सेवा, बिनपगारी उमेदवारी आणि स्वयंसेवा हे सर्व काम आहे. रोजगार म्हणजे त्यांपैकी फक्त मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेले काम. नागरिकत्वाच्या अर्जात बहुधा दोन्हींची माहिती अपेक्षित असते, कारण अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला उत्पन्नाइतकेच अर्जदाराने तो काळ कोठे व कसा घालवला हे जाणून घ्यायचे असते.

ग्रामीण महाराष्ट्रातील श्रमाचे काही प्रकार या चौकटीत सहज बसत नाहीत. 'सावड' या पद्धतीत शेतकरी कुटुंबे एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने काम करतात आणि मजुरीची फेड मजुरीनेच होते. 'इर्जिक' या प्रथेत गावकरी आपापल्या बैलजोड्या घेऊन एखाद्याचे शेत एकत्र नांगरून देतात आणि शेतमालक त्यांना जेवण देतो. या दोन्हींत पैशाचा व्यवहार नसल्याने त्यांची कोठेही लेखी नोंद होत नाही.

पार्श्वभूमी

अर्जातील रकाना रिकामा राहण्याचे एक कारण कागदपत्रांच्या अभावाइतकेच जुन्या समजुतीत आहे. घरच्या शेतात दिवसभर खुरपणी करणारी, गुरांचे चारापाणी पाहणारी आणि दोन्ही वेळा धार काढणारी स्त्री कामाविषयी विचारल्यावर 'काही करत नाही, घरीच असते' असे सांगते, किंवा घरातील पुरुष तिच्या वतीने तसे उत्तर देतो. शिरगणतीत ही अडचण पूर्वीच लक्षात आली होती. १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नातच 'शेतावरील किंवा घरच्या उद्योगातील विनावेतन काम धरून' असा खुलासा जोडण्यात आला. २००१ च्या जनगणनेत केवळ घरच्या वापरासाठी केलेले दुग्धोत्पादनही काम म्हणून धरले गेले. त्या दुधावर पुढे घरात होणारे स्वयंपाकाचे काम मात्र या व्याख्येबाहेरच राहिले. २०११ च्या जनगणनेत वर्षातून सहा महिने किंवा अधिक काळ काम करणाऱ्यांना 'मुख्य काम करणारे' आणि त्याहून कमी काळ काम करणाऱ्यांना 'सीमांतिक काम करणारे' असे म्हटले आहे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, कुटुंबातील सदस्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात. सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी 'कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स कंपनी' या मोटार अपघात भरपाईच्या प्रकरणात या सर्वेक्षणाचा आधार घेतला आणि गृहिणीच्या श्रमाचे आर्थिक मूल्य मान्य केले.

महाराष्ट्रात या प्रश्नाला जमिनीच्या मालकीची बाजूही आहे. सातबारा उताऱ्यावर सामान्यतः घरातील पुरुषाचे नाव असल्याने शेती करणारी स्त्री कागदोपत्री शेतकरी ठरत नाही. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले. त्यानंतर संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम राबवून शेतकऱ्यांना जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले.

भारत

भारताचे नागरिकत्व १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार जन्माने, वंशाने, नोंदणीने किंवा देशीयकरणाने, म्हणजे दीर्घ वास्तव्यानंतर परकीय व्यक्तीने केलेल्या अर्जावरून, मिळते. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार देशीयकरणासाठी अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांत एकूण ११ वर्षे भारतात वास्तव्य किंवा शासकीय सेवा आवश्यक असते. काही विशिष्ट गटांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने हा ११ वर्षांचा कालावधी ५ वर्षांवर आणला. याशिवाय सद्वर्तनाची आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेच्या पुरेशा ज्ञानाची अट आहे. मराठी ही त्या अनुसूचीतील भाषा आहे. वेतन किंवा नोकरी ही पात्रतेची अट नाही.

कामाचा थेट विचार कायद्याच्या कलम ६ मधील एका परंतुकात आढळतो. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांसाठी विशेष सेवा केलेल्या व्यक्तीला केंद्र सरकार तिसऱ्या अनुसूचीतील अटींतून सूट देऊ शकते. ही सेवा पगारी असावी असे कायदा म्हणत नाही.

महाराष्ट्रात परदेशातून येऊन भारतीय नागरिक झालेल्या काही व्यक्तींचे कार्य नेहमीच्या नोकरीच्या चौकटीत बसणारे नव्हते. अमेरिकेत जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट यांनी १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले. सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे राहून त्यांनी चळवळीत काम केले आणि बरेचसे संशोधन व लेखन स्वतंत्र अभ्यासक म्हणून केले. बारामतीपासून जवळ असलेल्या फलटण येथे प्रगत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन याही अमेरिकेत जन्मल्या आणि पुढे भारतीय नागरिक झाल्या.

भारतीय नागरिकाने स्वेच्छेने अन्य देशाचे नागरिकत्व घेतल्यास कलम ९ नुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यानंतर त्याला परदेशस्थ भारतीय नागरिक (ओसीआय) म्हणून नोंदणी करता येते. मात्र या नोंदणीवर भारतात शेतजमीन खरेदी करता येत नाही. वारसाहक्काने आलेली शेतजमीन धारण करता येते. त्यामुळे शेतकरी कुटुंबात नागरिकत्व बदलण्याचा निर्णय घेताना जमिनीचा विचार अपरिहार्य ठरतो.

कॅनडा

कॅनडात ११ ऑक्टोबर २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार प्रौढ अर्जदार अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत किमान १,०९५ दिवस देशात प्रत्यक्ष उपस्थित असावा लागतो. अर्जात या संपूर्ण पाच वर्षांतील काम व शिक्षण यांचा तपशील खंड न ठेवता द्यावा लागतो. नोकरी नसलेल्या काळासाठी बेरोजगार, गृहिणी, निवृत्त अशा स्वरूपाची नोंद करायची असते.

पात्रतेचा कालावधी पाच वर्षांचा आणि उपस्थितीची अट सुमारे तीन वर्षांची असल्याने अर्जदाराचा कॅनडात येण्यापूर्वीचा काळही त्यात येऊ शकतो. उदाहरणार्थ, एखादी व्यक्ती तीन वर्षे दोन महिन्यांपूर्वी कॅनडात आली असेल, तर त्याआधीचे एक वर्ष दहा महिने तिने भारतात काय केले हेही नमूद करावे लागते. त्या काळात ती गावी घरची ऊसशेती पाहत असेल, तर नियोक्त्याच्या जागी 'स्वयंरोजगार' किंवा 'कुटुंबाच्या शेतीत विनावेतन काम' अशी नोंद, गावाचे नाव आणि कालावधी देणे वस्तुस्थितीला धरून होते. त्याआधी स्थायी निवासासाठी केलेल्या अर्जात मागील दहा वर्षांचा, किंवा वयाच्या अठराव्या वर्षापासूनचा, तपशील खंड न ठेवता दिलेला असतो. दोन्ही अर्जांतील माहिती परस्परांशी जुळणे अपेक्षित असते.

आयकर कायद्यानुसार आवश्यक असल्यास पाचपैकी तीन वर्षांची विवरणपत्रे भरलेली असणे हीही कॅनडातील नागरिकत्वाची एक अट आहे. कॅनडात घरून डबे पुरवणे, शिकवणी घेणे किंवा टॅक्सी चालवणे अशा कामातून मिळालेले उत्पन्न त्यामुळे अर्ज व विवरणपत्र या दोन्ही ठिकाणी सारखेच दिसावे लागते.

अमेरिका

अमेरिकेत सर्वसाधारणपणे ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर पाच वर्षांनी आणि अमेरिकी नागरिकाशी विवाह झालेल्यांना विशिष्ट अटींवर तीन वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. सर्वसाधारण मार्गाने अर्ज करणाऱ्याला 'एन-४००' या अर्जात मागील पाच वर्षांतील नोकरी, व्यवसाय व शिक्षण यांची माहिती द्यावी लागते. स्वतःचा व्यवसाय असल्यास तसे, आणि नोकरी नसल्यास तसे लिहायचे असते. मुलाखतीत अधिकारी शपथेवर याविषयी प्रश्न विचारू शकतो.

स्वयंरोजगाराचा करांशी जवळचा संबंध आहे. स्वयंरोजगारातून वर्षाला ४०० डॉलर किंवा अधिक निव्वळ उत्पन्न झाल्यास अमेरिकेत विवरणपत्र भरावे लागते. नागरिकत्वाच्या अर्जात विवरणपत्र न भरल्याविषयी आणि थकीत करांविषयी प्रश्न असतात; त्यांची उत्तरे सद्वर्तनाच्या परीक्षणात विचारात घेतली जातात.

भारतातून गेलेल्या कुटुंबांत 'एच-४' या अवलंबित व्हिसावरील पतिपत्नींचा प्रश्न वारंवार येतो. २६ मे २०१५ पासून त्यांपैकी काहींना कामाचा परवाना मिळू लागला. त्यापूर्वी या व्हिसावरील पतिपत्नीला काम करण्याची मुभा नव्हती आणि परवान्याच्या कक्षेत न येणाऱ्यांना ती आजही नाही. परवाना नसताना घरातून चालवलेला व्यवसायही अनधिकृत काम ठरू शकतो. एरवी पगार देऊनच करून घेतले जाणारे काम बिनपगारी केले, तरी ते स्वयंसेवा न मानता रोजगार मानले जाण्याची शक्यता असते. ग्रीन कार्डच्या वेळी दिलेला कामाचा इतिहास नागरिकत्वाच्या वेळी पुन्हा तपासता येत असल्याने ही बाब पुढील अर्जातही महत्त्वाची राहते.

ब्रिटन

ब्रिटनमध्ये १९८१ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यानुसार देशीयकरणासाठी साधारणतः पाच वर्षांचे, तर ब्रिटिश नागरिकाच्या पतिपत्नीसाठी तीन वर्षांचे वास्तव्य लागते. सद्वर्तनाच्या अटीत आर्थिक व्यवहार आणि करभरणा यांचाही विचार होतो.

स्वयंरोजगाराच्या नोंदीवरून ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला तो नागरिकत्वाच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर. उच्चकुशल स्थलांतरितांसाठीच्या 'टियर १ (जनरल)' या योजनेतील काही अर्जदारांनी गृहखात्याला दाखवलेले स्वयंरोजगाराचे उत्पन्न करखात्याला दाखवलेल्या उत्पन्नापेक्षा जास्त होते. गृहखात्याने ही तफावत अप्रामाणिकपणाची निदर्शक मानून त्यांचे अर्ज फेटाळले. अशा अर्जदारांत दक्षिण आशियातील व्यावसायिक मोठ्या संख्येने होते. 'बालाजीगारी विरुद्ध गृहमंत्री' या खटल्यात अपील न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये असा निर्णय दिला की, केवळ तफावतीवरून अप्रामाणिकपणाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी अर्जदाराला संशयाची कल्पना देऊन खुलासा करण्याची संधी दिली पाहिजे. तफावत निष्काळजीपणामुळे किंवा हिशेबनिसाच्या चुकीमुळेही असू शकते, मात्र तिचे समाधानकारक स्पष्टीकरण आवश्यक असते.

ग्रामीण महाराष्ट्रातील कामाचे पुरावे

पगारपत्रक नसलेल्या कामाचेही काही लेखी माग उरतात. बारामती-इंदापूर परिसरासारख्या सहकाराचे जाळे असलेल्या भागात ते अधिक सापडतात.

• सातबारा व आठ-अ उतारे: जमिनीची मालकी व एकूण धारणा यांवरून कळते. सातबाऱ्यातील गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात 'ई-पीक पाहणी' सुरू झाल्याने शेतकरी ही नोंद स्वतः भ्रमणध्वनीवरून करू शकतो.
• ऊस बिले: सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती यांसारख्या सहकारी साखर कारखान्यांना घातलेल्या उसाच्या वजनाच्या पावत्या, बिले आणि सभासदत्वाची कागदपत्रे यांतून हंगामनिहाय शेतीव्यवसाय दिसतो.
• दूध संस्थेची बिले: ही रक्कम ठरावीक दिवसांनी मिळत असल्याने बोलीभाषेत तिला 'दुधाचा पगार' म्हणतात. अनुवादात हा शब्द शब्दशः नोकरीचे वेतन म्हणून उतरल्यास चुकीचा अर्थ निघतो. प्रत्यक्षात हे स्वयंरोजगाराचे उत्पन्न आहे.
• विविध कार्यकारी सोसायटीचे पीककर्ज खाते व बँकेचे खातेपुस्तक.
• व्यवसायाची नोंदणी: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी सूचना देणे पुरेसे असते. सूक्ष्म व लघू उद्योगांसाठी १ जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी आहे.
• महिला बचत गटाचे इतिवृत्त व हिशेबवही: गटामार्फत केलेल्या व्यवसायाचा किंवा सांभाळलेल्या पदाचा कालावधी यांतून दिसतो.

भारतात शेतीच्या उत्पन्नावर केंद्रीय आयकर नसल्याने अनेक शेतकऱ्यांकडे आयकर विवरणपत्र नसते. त्यावरून उत्पन्न लपवले असा अर्थ निघत नाही; परंतु परदेशी अधिकाऱ्याला ही पद्धत ठाऊक असेलच असे नाही. त्यामुळे सोबतच्या पत्रात तिचा खुलासा करणे उपयुक्त ठरते.

वरील बहुतेक कागद कुटुंबप्रमुखाच्या नावे असतात. घरातील सून, मुलगी किंवा धाकटा भाऊ यांच्या श्रमाचा त्यांत उल्लेख नसतो. अशा वेळी कुटुंबाशी असलेले नाते दर्शवणारी कागदपत्रे, प्रतिज्ञापत्र आणि ग्रामपंचायतीचा रहिवासाचा दाखला यांचा आधार घेतला जातो. प्रतिज्ञापत्रात कामाचे स्वरूप, ठिकाण व कालावधी स्पष्ट असणे आवश्यक असते. कोठेही पगारी नोकरी नसताना एखाद्या परिचिताच्या दुकानातून किंवा संस्थेतून अनुभवाचा दाखला मिळवणे हा मात्र खोटा पुरावा ठरतो.

चुकीची व वगळलेली माहिती

अर्जात बेरोजगारी किंवा विनावेतन काम नमूद करणे हे स्वतः अपात्रतेचे कारण नसते. अडचण मुख्यतः खोट्या किंवा लपवलेल्या माहितीमुळे निर्माण होते.

भारतात फसवणूक, खोटे निवेदन किंवा महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून नोंदणीने वा देशीयकरणाने मिळवलेले नागरिकत्व कलम १० नुसार काढून घेता येते. कलम १७ नुसार जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कॅनडात चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षे नागरिकत्व मिळण्यास मनाई होते. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याच्या कलम ४० नुसार फसवणुकीने मिळवलेले नागरिकत्व रद्द करता येते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या संदर्भात दोन महत्त्वाचे निर्णय दिले आहेत. 'कुंगिस विरुद्ध अमेरिका' (१९८८) या खटल्यात, खोटे विधान निर्णयावर स्वाभाविकपणे प्रभाव टाकू शकणारे असेल तर ते महत्त्वाचे मानावे, असा निकष ठरला. मात्र लाभ मिळवण्याच्या हेतूने शपथेवर दिलेल्या खोट्या साक्षीसाठी विधान महत्त्वाचे असण्याची अट नाही, असेही न्यायालयाने म्हटले. 'मस्लेंजाक विरुद्ध अमेरिका' (२०१७) या खटल्यात, खोट्या विधानाबद्दल फौजदारी कारवाई करून नागरिकत्व काढून घ्यायचे असल्यास त्या बेकायदा कृत्याचा नागरिकत्व मिळण्यात काहीतरी वाटा असला पाहिजे, असे ठरले.

अनवधानाने राहिलेली माहिती आणि हेतुपुरस्सर दडवलेली माहिती यांत फरक केला जातो. राहिलेली नोंद निर्णयापूर्वी स्वतःहून कळवणे अर्जदाराच्या हिताचे असते.

टीका

अर्जांचे नमुने नियमित नोकरी करणाऱ्या व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेले असतात, अशी टीका केली जाते. नियोक्त्याचे नाव, पत्ता व पद हे रकाने शेतकरी, फेरीवाले किंवा गृहिणी यांना लागू पडत नाहीत. 'बेरोजगार' हा पर्याय निवडल्यास दिवसभराचे काम कागदावर शून्य ठरते; 'गृहिणी' हा पर्याय निवडल्यास त्याच स्त्रीने शेतावर व गोठ्यात केलेले काम नोंदीबाहेर राहते. दुसरीकडे, खंड न ठेवता माहिती मागण्यामागे ओळख, वास्तव्य व सुरक्षा यांची पडताळणी हा हेतू असून त्यासाठी पगाराची अट नाही, असा प्रतिवाद केला जातो. नमुन्यात पूरक माहितीसाठी जागा असल्यास एकाच काळातील घरकाम आणि शेतीकाम ही दोन्ही कामे वेगवेगळी नोंदवता येतात.

हेही पहा

• नागरिकत्व कायदा, १९५५
• परदेशस्थ भारतीय नागरिकत्व
• नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण
• सातबारा उतारा
• शेतकरी संघटना
• गेल ऑम्वेट
• कोऱ्हाळे बुद्रुक